शिशाच्या डब्यांतील दारू
(लुईस-क्लार्क मोहिमेच्या शिकारसामग्रीचा ताळा)

जुन्या स्वाऱ्यांच्या व मोहिमांच्या दप्तरांत कोठीच्या यादी पुष्कळ आढळतात. दारू किती, शिसें किती, गोळ्या किती, हें त्यांत मणाशेरांनीं लिहिलेलें असतें. परंतु इतकीच सामग्री कां घेतली, याहून कमी कां नव्हे किंवा अधिक कां नव्हे, याचा उलगडा यादीवरून सहसा होत नाहीं. आणि मोहीम परत फिरतांना त्यांतून काय उरलें होतें हें सांगणारा दुसरा कागद हातीं लागणें तर त्याहूनहि दुर्मिळ. इ. स. १८०३ ते १८०६ या वर्षांत मेरिवेदर लुईस व विल्यम क्लार्क या दोन लष्करी अंमलदारांनीं अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतर्फे मिसूरी नदीनें वर जाऊन, पर्वत ओलांडून, पॅसिफिक महासागरापर्यंत जी मोहीम केली, तिच्या बाबतींत मात्र हे दोन्ही प्रकारचे कागद शिल्लक आहेत. निघण्यापूर्वींच्या खरेदीची याद आहे, आणि परतीच्या तोंडावर सगळी दारू उघडून मोजली त्या दिवसाची रोजनिशीहि आहे. या दोहोंचा ताळा घेऊन, शिकारीवर पोट भरणाऱ्या टोळीनें बरोबर किती दारूगोळा न्यावा हा प्रश्न त्या काळीं कसा सोडविला गेला, हें पाहण्याचा येथें विचार आहे. ही मोहीम केवळ शिकारीची नव्हती हें खरें. भूगोल, व्यापार व राज्यविस्तार हे तिचे हेतु होते. पण जेवण शिकारीचें होतें. पीठ व खारविलेलें डुकराचें मांस पिंपांतून नेलें होतें. तें दोन वर्षे पुरण्यासारखें नव्हतें, आणि वाटेंत दारूचें दुकान कोठेंहि नव्हतें.

मोहिमेस मंजुरी मागणारा अध्यक्ष जेफर्सन याचा गुप्त खलिता १८ जानेवारी १८०३ चा आहे. खर्चाचा अंदाज २,५०० डॉलरांचा. त्यांत इंडियन लोकांस द्यावयाच्या नजराण्यांस ६९६ डॉलर आणि हत्यारांस अवघे ८१ डॉलर धरलेले पाहून वाचकांस नवल वाटेल. परंतु बहुतेक बंदुका सरकारी कोठारांतून मिळावयाच्या होत्या, म्हणून हा आंकडा लहान दिसतो. बंदुका हार्पर्स फेरी येथील कारखान्यांतून घेतल्या, बाकीचें बहुतेक सामान फिलाडेल्फियास जमविलें, आणि ३१ ऑगस्ट १८०३ रोजीं लुईस पिट्सबर्गहून नावेनें निघाला. त्याच महिन्याच्या १२ तारखेस आपल्याकडे अहमदनगरचा किल्ला इंग्रजांच्या हातीं गेला होता व पुढें २३ सप्टेंबरास असईची लढाई झाली. शके १७२५ च्या मराठी कागदांशीं परिचय असणाऱ्यांस दारू, शिसें व गारा यांची ती दूरदेशची याद वाचतांना फारसें परकें वाटूं नये. हत्यारांची जात दोहोंकडे जवळ जवळ एकच होती.

यादींतील आपल्या कामाच्या बाबी अशा: शिशाचा पत्रा ४२० पौंड, दारू १७६ पौंड, ती ठेवण्यासाठीं शिशाचे डबे ५२, बंदुकीच्या चापास लावावयाच्या गारा ५००, दारूचीं शिंगें १५, व गोळ्या ओतण्याचे सांचे. यांखेरीज वाऱ्याच्या दाबानें चालणारी एक बंदूक लुईसनें स्वतः घेतली होती. तिला दारू लागत नसे. पण ती शिकारीपेक्षां इंडियनांस चकित करण्याच्याच कामीं अधिक आली.

या सर्वांत लक्ष वेधणारी बाब डब्यांची. तोंडाकडून भरावयाच्या बंदुकीस एका बारासाठीं तीन गोष्टी लागतात: नळींत ठासावयाची दारू व कान्यावरील रंजक, गोळी, आणि ठिणगी पाडणारी गार. यांपैकीं एक संपली कीं बाकीच्या दोन निरुपयोगी. शिवाय दारूस पाण्याचें भय. लांकडी पिंपांत ठेवलेली दारू नदीच्या प्रवासांत ओली झाल्यावांचून राहत नाहीं, आणि शिसें तर नाहीं तरी ओझें म्हणून न्यावेंच लागतें. लुईसनें या दोन अडचणी एकमेकींवर घातल्या. गोळ्यांसाठीं न्यावयाच्या शिशाचेच डबे करविले व त्यांत दारू भरली. प्रत्येक डब्याचें शिसें ८ पौंड आणि आंतील दारू ४ पौंड. दारू काढून घेतल्यावर रिकामा डबा वितळवावयाचा व त्याच्या गोळ्या ओतावयाच्या. त्या गोळ्या संपतात न संपतात तोंच ती दारूहि संपावी, असें हें प्रमाण बसविलेलें होतें.

आपल्या मापांत सांगावयाचें तर ८ पौंड म्हणजे सुमारे ३११ तोळे. समजुतीसाठीं गोळी सव्वा तोळ्याची, म्हणजे पंधरा माशांची धरली, तर एका डब्यांत सुमारे २४९ गोळ्या होतात आणि प्रत्येकीच्या वांट्यास साडेसात मासे दारू येते. निरनिराळ्या बंदुकांच्या गोळ्या कमीअधिक वजनाच्या असणार, म्हणून हा आंकडा केवळ अदमासाचा समजावा. या हिशेबानें ५२ डबे म्हणजे सुमारे तेरा हजार बार होत.

येथें यादीची एक बारीक विसंगति नमूद केली पाहिजे. ५२ डब्यांस प्रत्येकीं ८ पौंड शिसें धरल्यास ४१६ पौंड होतात. यादींतील ४२० शीं तें चांगलें जुळतें. पण ५२ डब्यांस प्रत्येकीं ४ पौंड दारू धरल्यास २०८ पौंड होते, आणि यादींत १७६ च आहे. म्हणजे त्या दारूनें ४४ डबे भरतात व आठ मोकळे राहतात. यादीच्या लेखकास बेरीज येत नव्हती असें मानण्याचें कारण नाहीं. पुढें येणाऱ्या १८०६ च्या मोजणींत दारू एका जातीची नसून चार जातींची आहे. तेव्हां १७६ पौंड हा एकाच खरेदीचा आंकडा असून उरलेले डबे दुसऱ्या ठिकाणच्या दारूनें भरले गेले, हें अनुमान मला अधिक सयुक्तिक वाटतें.

आतां एवढी दारू लागणार हें ठरविलें कशावरून? रोजचें मांस किती लागतें, एवढ्यावरून हिशेब करावा तर तो फार लहान येतो. १३ जुलै १८०५ च्या रोजनिशींत लुईसनें लिहून ठेवलें आहे कीं, टोळीस चोवीस तास पोटभर खावयास चार हरणें, किंवा एक एल्क व एक हरीण, किंवा एक रानगवा लागतो. (एल्क म्हणजे आपल्या सांबराहून मोठें असें हरणाच्या जातीचें जनावर. तेथील रानगवा बायसन जातीचा. आपल्या सह्याद्रींतील गवा निराळा.) त्या वेळीं टोळींत तेहतीस माणसें होतीं. चार हरणांस चार, किंवा हात चुकला तर आठ बार; मग तेरा हजारांचें प्रयोजन काय?

पण सरासरी ही रानांत दगा देणारी वस्तु आहे. ५ मे १८०५ रोजीं क्लार्क व द्रुइलार या शिकाऱ्यानें एक मोठें करडें अस्वल मारलें. त्याच्या अंगांत दहा गोळ्या निघाल्या, त्यांतील पांच फुप्फुसांतून गेलेल्या; तरी तें पोहत अर्धी नदी तोडून वाळूच्या बेटावर गेलें व वीस मिनिटें जिवंत होतें. पुढें १४ मे रोजीं सहा पटाईत शिकारी दुसऱ्या एका अस्वलावर चालून गेले. आधीं चौघांनीं बार टाकले, दोघांनीं राखून ठेवले. आणि तें पडेपर्यंत आठ गोळ्या त्याच्या अंगांतून गेल्या होत्या. ज्या बंदुकीस एका बारानंतर पुन्हा भरण्यास अर्धें मिनिट लागतें तिच्या धन्यास गोळ्यांची संख्या पोटाच्या हिशेबानें ठरवितां येत नाहीं. जिवाच्या हिशेबानें ठरवावी लागते.

आपल्या देशांतील शिकारीच्या नोंदींकडे पाहिलें असतां हा फरक अधिक ठसतो. आईन-इ-अकबरींत बादशहाच्या खाशा बंदुका १०५ सांगितल्या आहेत आणि संग्राम नांवाच्या बंदुकीनें १,०१९ जनावरें पडल्याची नोंद आहे. जहांगिराच्या तुझुकांत तर वयाच्या बाराव्या वर्षापासून पन्नाशीपर्यंत त्याच्यासमोर झालेल्या शिकारीचा आंकडा २८,५३२ आणि त्याच्या स्वतःच्या हातचा १७,१६७ दिलेला आहे. त्यांत ३,२०३ चतुष्पाद व १३,९६४ पक्षी व इतर. बेरीज बिनचूक जुळते, ही गोष्ट त्या दरबारच्या कारकुनांस भूषणावह आहे. मात्र या सर्व हिशेबांत मोजलीं गेलीं तीं जनावरें. बार किती झाले हें कोणीं मोजलें नाहीं. गोळ्या मोजल्याचें ठळक स्थळ म्हणजे १६१७ मध्यें नूरजहानेनें हत्तीवरील हौद्यांतून चार वाघ सहा गोळ्यांत मारले तें. पण तेथें मोजणी आली ती स्तुतीसाठीं. बादशाही शिकारींत दारू संपण्याचें भय नसे, म्हणून दारूचा हिशेबहि नसे. अमेरिकेंतील त्या नदीवर हें भय रोजचें होतें.

आतां दुसरा कागद. लुईसच्या ज्या वह्या फिलाडेल्फियाच्या अमेरिकन फिलॉसॉफिकल सोसायटीच्या संग्रहांत आहेत, त्यांत १ फेब्रुवारी १८०६ रोजींची नोंद आहे. मुक्काम कोलंबिया नदीच्या मुखाजवळील फोर्ट क्लॅट्सॉप. त्या दिवशीं सगळी दारू उघडून तपासली. उत्तम रायफल-दारूचे २७ डबे, साध्या रायफल-दारूचे ४, चकाकी दिलेल्या दारूचे ३ व मस्केट-दारूचा १, असे ३५ डबे चांगल्या स्थितींत निघाले. त्यांतील कित्येक अपघातांमुळें तासन् तास पाण्याखालीं राहिले होते, तरी दारू भरली त्या दिवसाइतकी कोरडी होती. पांच डबे बिघडले: तीन ठेंचकाळून चिरलेले, एक तोंड नीट बंद न केलेला, आणि एकांत खिळा घुसलेला. त्यांतील ओली दारू वाळविण्यासाठीं शिपायांस वांटून दिली. ही युक्ति सुचली नसती तर आज एका बाराचीहि दारू शिल्लक राहिली नसती, अशा अर्थाचें लुईसनें पुढें लिहिलें आहे. आत्मप्रशंसेचा भाग वजा केला तरी तें खोटें म्हणतां येत नाहीं.

हीच हकीकत क्लार्कच्या वहींतहि आहे, आणि ती पाहून एखाद्यास दोन साक्षी मिळाल्याचा आनंद होईल. तो व्यर्थ आहे. त्या मुक्कामांत क्लार्क लुईसचा बराचसा मजकूर आपल्या वहींत जवळ जवळ शब्दशः उतरून घेत असे. दुसरी वही ही नक्कल होय, साक्षीदार एकच. १८१४ ची छापील आवृत्ति तर वह्यांवरून रचलेलें कथन आहे. थ्वेट्सची १९०४-०५ ची आवृत्ति व मोल्टनची १९८३ ते २००१ या काळांतील तेरा खंडांची आवृत्ति यांमुळेंच आज हा मूळ मजकूर शब्दागणिक ताडून पाहतां येतो.

चांगले ३५ व बिघडलेले ५ मिळून ४० होतात. सर्वच्या सर्व ५२ डबे नावेवर चढले असें धरलें, तर मे १८०४ पासूनच्या एकवीस महिन्यांत १२ डबे कमी झाले. त्यांतीलहि सगळे बंदुकींतून गेले नाहींत. जून १८०५ मध्यें मरायस नदीच्या मुखापाशीं परतीच्या वाटेसाठीं कांहीं दारू व शिसें जमिनींत पुरून ठेवलें होतें. म्हणजे डब्यांपुरता खर्च एकंदर सामग्रीच्या चौथाईहूनहि कमी. याला आणखी एक ताळा आहे. सार्जंट पॅट्रिक गॅस यानें १ डिसेंबर १८०५ ते २० मार्च १८०६ या ११० दिवसांत १३१ एल्क व २० हरणें मारल्याची मोजदाद दिली आहे. दर जनावरास तीन तीन बार खर्ची पडले असें उदारपणानें धरलें तरी साडेचारशेंच बार होतात. दोन डबे त्यास पुरून उरतात. या मानानें सहा महिन्यांच्या परतीच्या प्रवासास तीनचार डबे बस्स होते, आणि जवळ होते पस्तीस.

एवढ्यावरून लुईसचा अंदाज फाजील होता असा निकाल कोणी देईल. तो मला मान्य नाहीं. त्यानें किती बार उडतील याचा हिशेब केलाच नव्हता; किती दारू बुडेल, भिजेल, हरवेल याचा केला होता. त्याच नोंदींत पुढें तो सांगतो कीं प्रत्येक होडींत दारूचा थोडा थोडा वांटा ठेवण्याची आपण नेहमीं काळजी घेतों, म्हणजे एखाद-दुसरी होडी गेली तरी अगदींच निःशस्त्र होण्याची पाळी येऊं नये. कारण चार हजार मैलांच्या वाटेवर उपजीविका व संरक्षण या दोहोंची भिस्त तिच्यावरच. हें भय कल्पित नव्हतें. ज्या १४ मे १८०५ रोजीं आठ गोळ्यांचें तें अस्वल पडलें, त्याच दिवशीं संध्याकाळीं वाऱ्याच्या झोतानें एक मोठी होडी कलंडून पाण्यानें भरली. तींत कागदपत्रें, यंत्रें, पुस्तकें, औषधें व व्यापाराचा बराच माल होता. वाहून चाललेल्या वस्तु शोशोनी जातीची स्त्री सॅकाजाविया हिनें हातांनीं धरून ठेवल्या म्हणून बऱ्याचशा वांचल्या. औषधांचें सर्वांत अधिक नुकसान झालें. दारू गेली ती थोडीच. सगळी दारू त्या एकाच होडींत असती आणि लांकडी पिंपांत असती तर पुढील रोजनिशी लिहावयास कोण राहिलें असतें, हा प्रश्नच आहे.

येथवर कोठारापुरतें झालें. परंतु कोठार भरलेलें असणें ही एक गोष्ट आणि रानांत गेलेल्या माणसाच्या पिशवींत गोळी असणें ही दुसरी. या मोहिमेच्या कागदांत माझ्या मतें सर्वांत बोधक नोंद मोठ्या यादीची नाहीं. ती जॉर्ज शॅनन या तरुण शिपायाची आहे. निघण्याच्या आदल्या दिवशीं, १३ मे १८०४ रोजीं, प्रत्येक माणसास दारू व शंभर शंभर गोळ्या दिल्याचें क्लार्क लिहितो. २६ ऑगस्टास शॅनन हरवलेले घोडे शोधावयास गेला. घोडे सांपडले, पण नावा पुढें निघून गेल्या असें समजून तो नदीकाठानें पुढें पुढें चालत राहिला. वास्तविक त्या त्याच्या मागें होत्या. सोळा दिवसांनीं, ११ सप्टेंबरास, तो भेटला तेव्हां बारा दिवस रानद्राक्षें व एक ससा यांखेरीज त्याच्या पोटांत कांहीं गेलें नव्हतें. तो ससाहि त्यानें मारला तो गोळीनें नव्हे. गोळ्या संपल्या होत्या, म्हणून नळींत कठीण लांकडाचा तुकडा घालून बार काढला होता. एक घोडा शेवटचा आधार म्हणून त्यानें राखून ठेवला होता. जनावरांनीं भरलेल्या मुलुखांत केवळ गोळीवांचून माणूस उपाशी मरतां मरतां राहिला, याचा क्लार्कनें त्या दिवशीं उद्गार काढला आहे.

लांकडाचा तुकडा उडाला याचा अर्थ शॅननपाशीं दारू होती; नव्हतें तें शिसें. दारू व शिसें एकदमच संपावें म्हणून फिलाडेल्फियास जें प्रमाण इतक्या विचारानें बसविलें होतें, तें डब्याबाहेर पडतांच मोडलें. दारू शिंगांत गेली, गोळ्या पिशवींत गेल्या, आणि दोहोंचा खर्च निराळा निराळा होऊं लागला. ससा, पक्षी, इशारतीचा बार, चुकलेला नेम, या प्रत्येकांत दोहोंचें माप सारखें राहत नाहीं. कोठारांत तेरा हजार बारांची सामग्री असून एका शिकाऱ्यापाशीं एक गोळी नसणें, हें म्हणून विचित्र नाहीं. बरोबर किती न्यावें हा एक प्रश्न नसून दोन आहेत. पहिला मोहिमेचा: तेथें लुईसचें उत्तर पुरें उतरलें. दुसरा एकट्या माणसाचा. त्याचें उत्तर मुक्काम किती दूर राहील यावर अवलंबून, आणि तें तर शॅननला माहीत नव्हतेंच, इतकेंच नव्हे, मुक्काम कोणत्या दिशेस आहे हेंहि माहीत नव्हतें.

याच्या उलट प्रकारहि घडला. सप्टेंबर १८०५ मध्यें बिटररूट पर्वत ओलांडतांना दारू व शिसें दोन्ही भरपूर होतीं, पण बर्फांत शिकारच नव्हती. फिलाडेल्फियाहून आणलेला १९३ पौंड सुका रस्सा तेव्हां उपयोगी पडला, आणि घोड्यांचीं शिंगरें मारून खावीं लागलीं.

परतीच्या वेळीं जें कमी पडलें तें दारू नव्हे. १६ मार्च १८०६ च्या नोंदीप्रमाणें उरलेला किरकोळ व्यापारी माल दोन रुमालांत बांधण्याइतकाच होता. कोलंबियाकांठच्या लोकांस निळे मणी फार प्रिय, आणि ते केव्हांच संपले होते. जूनमध्यें कंदमुळांच्या बदल्यांत द्यावयास अंमलदारांनीं आपल्या डगल्यांचीं पितळी बटणें कापून दिलीं. नजराण्यांस ६९६ डॉलर व हत्यारांस ८१ डॉलर, हा मूळ अंदाज पुन्हा येथें आठवतो. ज्या बाबीवर अधिक पैसा धरला होता तीच अपुरी पडली.

मोहीम २३ सप्टेंबर १८०६ रोजीं सेंट लुईस येथें परतली. त्यापूर्वीं ११ ऑगस्टास लुईस व पिएर क्रुझात हे एल्कच्या मागें झुडपांत शिरले असतां एक गोळी लुईसच्या मांडीच्या मागील भागांतून आरपार गेली. क्रुझात एका डोळ्यानें अधू होता, आणि लुईसच्या अंगावर तपकिरी चामड्याचे कपडे होते. इंडियनांचा हल्ला झाला अशा समजुतीनें प्रथम टोळी सज्ज झाली. ती गोळी विजारींत अडकून राहिलेली सांपडली. लुईसनें ती पाहतांच ओळखली कीं क्रुझातापाशीं असलेल्या आंखूड रायफलींची ती गोळी आहे. ४२० पौंड शिशापैकीं जिचा सांचा, जिचा धनी व जिचें अखेरचें ठिकाण हीं तिन्ही निश्चितपणें कागदावर आलीं, अशी मला आढळलेली गोळी हीच होय.